लायनक्स सर्व्हरवरचे व्हर्च्युअल इंटरफेस रीबूटनंतर टिकवायचे कसे? लाईट गेली की भुईकाटा बंद!

वाघूरकाठ (जळगाव), सोमवार रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज विचारायची वेळ आली.

एमआयडीसीतल्या एका डाळमिलचं संगणकाचं काम मी बघतो. सर्व्हर एकच, उबुंटू २२.०४, नेटवर्क कार्डही एकच. ऑफिसचं जाळं १९२.१६८.१०.० वर. भुईकाटा आणि कॅमेरे वेगळे ठेवायचे म्हणून स्विचवर व्हीलॅन २० (त्याच तारेवरून चालणारं वेगळं जाळं) केला आणि सर्व्हरवर त्याचा व्हर्च्युअल इंटरफेस हाताने उभा केला. आज्ञा अशा (इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजीत टाकायच्या):

आयपी लिंक ॲड लिंक ईएनपी२एस० नेम व्हीलॅन२० टाइप व्हीलॅन आयडी २०
आयपी ॲड्रेस ॲड १९२.१६८.२०.१/२४ डेव्ह व्हीलॅन२०
आयपी लिंक सेट व्हीलॅन२० अप

सात महिने झकास चाललं. मागच्या गुरुवारी पहाटे चारला लाईट गेली, यूपीएसने वीस मिनिटं तग धरला आणि सर्व्हर बंद पडला. लाईट आल्यावर तो आपोआप चालू झाला, पण व्हीलॅन२० गायब. सकाळी सातला काट्यावरच्या नानांचा फोन: "चिठ्ठी निघत नाही, तुरीच्या नऊ गाड्या उभ्या आहेत." गाडी काढून पोचेपर्यंत नानांनी वहीत हाताने वजनं लिहायला घेतली होती. तिन्ही आज्ञा पुन्हा दिल्या आणि चालू झालं.

आता हे कायमचं करायचंय. नेटवर शोधलं तर कुणी आरसी लोकल म्हणतं, कुणी इंटरफेसेस फाईल, कुणी नेटप्लॅन, कुणी सिस्टमडी. नेमकं कुठे लिहू? हंगाम चालू आहे, चुकलो तर पुन्हा गाड्या अडतील.

---

केळीबाग (रावेर), सोमवार रात्री १०:३०

आरसी लोकलमध्ये (बूटला आपोआप चालणारी फाईल) त्या तीन ओळी टाका, फाईलला चालवायची परवानगी द्या, झालं. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये असंच आहे.

---

भुसावळ_जंक्शन, सोमवार रात्री १०:४१

यूपीएसच्या बॅटऱ्या बदला. मूळ दुखणं ते आहे. वीस मिनिटं म्हणजे बॅटरी थकली.

---

पांझरेची_लेक (धुळे, सध्या पुणे), सोमवार रात्री ११:२५

वाघूरकाठ दादा, सर्व्हर सांभाळणं हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आयपी आज्ञेने केलेली प्रत्येक गोष्ट थेट कर्नलच्या स्मृतीत जाते. डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही. त्यामुळे तुमचा व्हीलॅन बिघडला नव्हता, तो कुठे नोंदलेलाच नव्हता. सात महिने मशीन बंद झालं नाही म्हणून कुणाला कळलं नाही. भुसावळकर भाऊंचं बरोबर आहे, बॅटरी बदलाच. पण चांगली बॅटरी हा दोष आणखी दोन वर्षं झाकून ठेवेल, हेही ध्यानात असू द्या.

कुठे लिहायचं हे ठरवण्याआधी या मशीनवर नेटवर्कचा कारभारी कोण आहे ते बघा. "नेटवर्कसीटीएल" एवढीच आज्ञा द्या. प्रत्येक इंटरफेसपुढे शेवटच्या रकान्यात "कॉन्फिगर्ड" किंवा "अनमॅनेज्ड" येईल. कार्डापुढे कॉन्फिगर्ड असेल तर कारभार सिस्टमडी-नेटवर्कडीकडे आहे (सिस्टमडी बूटला सगळ्या सेवा उठवतो, नेटवर्कडी हा त्याचा नेटवर्क सांभाळणारा भाग). तुमच्या हाताने केलेल्या व्हीलॅन२० पुढे अनमॅनेज्ड दिसेल, म्हणजे त्याला वाली नाही. उबुंटू सर्व्हरवर १७.१० पासून नेटप्लॅन आहे: आपण नेटप्लॅनची फाईल लिहायची, तो त्यातून नेटवर्कडीच्या फाईली तयार करतो. डेस्कटॉपवर हाच कारभार बहुधा नेटवर्कमॅनेजरकडे असतो. डेबियनच्या सर्व्हरवर अजून जुनी इंटरफेसेस फाईल असते.

चारही मार्ग खरे आहेत, पण एका मशीनवर एकच. दोन ठिकाणी लिहिलंत तर आज एक जिंकेल, उद्या दुसरा.

तुमच्यासाठी नेटप्लॅनच्या फाईलचा गाभा:

नेटवर्क:
  व्हर्जन: २
  इथरनेट्स:
    ईएनपी२एस०:
      ॲड्रेसेस: [१९२.१६८.१०.५/२४]
  व्हीलॅन्स:
    व्हीलॅन२०:
      आयडी: २०
      लिंक: ईएनपी२एस०
      ॲड्रेसेस: [१९२.१६८.२०.१/२४]

वरच्या भागात गेटवे, डीएनएस जे आधी आहे ते तसंच राहू द्या. डावीकडचं अंतर स्पेसनेच द्या. टॅब चालत नाही आणि एक स्पेस इकडेतिकडे झाली तरी अर्थ बदलतो. मग आधी "नेटप्लॅन जनरेट", त्यात चुका कळतील. मग "नेटप्लॅन ट्राय". तो नवी मांडणी लावतो आणि १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबलं नाही तर जुनीवर परत जातो.

केळीबाग, आरसी लोकल चालतं, चूक नाही. पण ते सुरुवातीला एकदाच चालतं. मध्येच कुणी इंटरफेस पाडला तर पुन्हा उभा करणारं कुणी नसतं. शिवाय दोन वर्षांनी दुसरा माणूस आला की तो नेटप्लॅन बघेल, आरसी लोकल उघडणार नाही. लॅबमध्ये ठीक, काट्यावर नको.

---

गिरणामाई (चाळीसगाव), मंगळवार सकाळी ८:०५

आमच्याकडे रेड हॅटच्या घरातलं लायनक्स आहे, अल्मा ९. तिथे "एनएमसीएलआय कनेक्शन ॲड टाइप व्हीलॅन" अशी एक आज्ञा दिली की इंटरफेस उभा राहतो आणि डिस्कवरही लिहिला जातो, बूट झाला की आपोआप जोडतो. स्पेस मोजत बसावं लागत नाही. मला नेटप्लॅनपेक्षा हेच सरळ वाटतं. उबुंटू सर्व्हरवरही नेटवर्कमॅनेजर टाकता येतो, मग टाकत का नाही?

सेंटओएस ७ (त्याच घरातलं जुनं लायनक्स) वाले कुणी असतील तर आधी तिथून निघा. त्याचा आधार ३० जून २०२४ ला संपला. तिथल्या आयएफसीएफजी फाईली (नेटवर्कच्या जुन्या पद्धतीच्या फाईली) नव्या घरात तशाच नेऊ नका, रेड हॅट ९ मध्येच त्या पद्धतीला निवृत्तीची नोटीस मिळाली आहे.

---

पांझरेची_लेक, मंगळवार सकाळी ९:१०

गिरणामाई, अल्मावर तुमचंच बरोबर, तिथे मी पण तेच वापरते. पण चालत्या उबुंटू सर्व्हरवर, तेही हंगामात, केवळ सोयीसाठी कारभारी बदलणं मला पटत नाही. दादांना एक व्हीलॅन टिकवायचाय. घराची एक खिडकी बसवायला भिंत पाडायची नसते.

---

गिरणामाई, मंगळवार सकाळी ९:३२

मान्य. नवीन मशीन असतं तर मात्र मी भांडलो असतो.

---

आप्पा_अमळनेर, मंगळवार दुपारी १:१५

पोरांनो, आमच्या काळात एकच फाईल होती, ईटीसी नेटवर्क इंटरफेसेस. आमच्या पतसंस्थेचा डेबियन आजही त्याच्यावर चालतो आहे आणि बरा चालतो आहे. एक अनुभव सांगतो. त्या फाईलमध्ये "आयफेस" ची ओळ लिहिली, पत्ता लिहिला, हाताने "आयएफअप" दिलं, इंटरफेस उभा राहिला. मी खूश. दोन महिन्यांनी वायरमनने मेन स्विच पाडला आणि इंटरफेस परत आलाच नाही. वर "ऑटो" ची ओळ लिहायची राहिली होती. फाईलमध्ये असणं वेगळं आणि बूटला उठणं वेगळं. डेबियनवाल्यांनी आज घरी गेल्यावर ती एक ओळ बघून घ्यावी.

दुसरं. बरेच जण "ईटीएच०:१" ला व्हर्च्युअल इंटरफेस म्हणतात. तो इंटरफेस नव्हे. त्याच कार्डावरच्या दुसऱ्या पत्त्याला लावलेली ती नुसती चिठ्ठी आहे. एकाच तारेवर दुसरा पत्ता हवा असेल तर पत्त्यांच्या यादीत एक ओळ वाढवा. वेगळं जाळं हवं असेल तर व्हीलॅन.

---

केळीबाग, मंगळवार दुपारी १:४०

आप्पा, मग डमी इंटरफेस कशासाठी असतो? आमच्या सरांनी "डमी०" करायला लावला, पण उपयोग सांगितला नाही. लूपबॅक (मशीन स्वतःशीच बोलतं तो इंटरफेस) असताना तो कशाला?

---

आप्पा_अमळनेर, मंगळवार दुपारी २:२०

लूपबॅकवर जादा पत्ते घालता येतात, पण तिथे मशीनचं स्वतःचं सगळं चालतं, तिथे गर्दी करू नये. डमी म्हणजे तार नसलेलं कार्ड. तार नाही म्हणून तार तुटायचं भय नाही. स्विच मेला, केबल उंदराने खाल्ली, तरी डमीवरचा पत्ता जिवंत. सर्व्हरचा स्वतःचा एक कायमचा पत्ता हवा असेल तर तिथे ठेवतात. बीएसएनएलच्या तारेवर अवलंबून नसलेला घरातला इंटरकॉम समज.

---

तोरणमाळ (शहादा), मंगळवार संध्याकाळी ७:५०

दूरून नेटवर्क बदलणाऱ्यांसाठी माझी गोष्ट. सर्व्हर शहाद्याला एका जिनिंगमध्ये, मी जळगावला बहिणीकडे. व्हर्च्युअल मशीनसाठी ब्रिज (सर्व्हरच्या आतला सॉफ्टवेअरचा स्विच) करायचा होता. दूरून एसएसएचने (नेटवर्कवरून टर्मिनल उघडून) बसलो, ब्रिज केला, कार्ड त्यात घातलं. घातल्याक्षणी टर्मिनल थिजलं. कार्ड ब्रिजमध्ये गेलं की पत्ता कार्डावर ठेवून चालत नाही, तो ब्रिजवर न्यावा लागतो. मी पत्ता दुसऱ्या आज्ञेत नेणार होतो. ती दुसरी आज्ञा द्यायला वाटच राहिली नाही.

सकाळची गाडी धरून नंदुरबार, तिथून एसटीने शहादा. जाऊन काय केलं? मशीन बंद करून चालू केलं. हाताने केलेलं सगळं पुसलं गेलं आणि जुनी मांडणी परत आली. दीड मिनिटाचं काम, दिवस गेला. जिनिंगवाल्या शेठनी चहा पाजला, एक शब्द बोलले नाहीत, त्याचं जास्त लागलं.

---

पांझरेची_लेक, मंगळवार रात्री १०:०५

तोरणमाळ भाऊ, तुमच्याच गोष्टीत उपाय दडलाय. हाताने केलेलं रीबूटला पुसलं जातं, हे दूरून काम करताना आपल्या फायद्याचं आहे. सुरुवात करण्याआधी "शटडाउन -आर +१०" द्यायचं, म्हणजे दहा मिनिटांनी मशीन स्वतः रीबूट होईल. मग फक्त आयपी आज्ञांनी बदल करून बघायचे, डिस्कवर काही लिहायचं नाही. वाट तुटली तर दहा मिनिटं थांबा, मशीन जुन्या मांडणीसह परत येईल. सगळं नीट झालं तर "शटडाउन -सी" देऊन रीबूट रद्द करा आणि मगच फाईलमध्ये लिहा. सेवा चालू असताना रीबूट परवडणार असेल तरच हे करा, एवढं पथ्य.

नेटप्लॅन ट्राय बद्दल एक सावधगिरी. ब्रिज आणि बाँडचे (अनेक कार्डं मिळून एक) खास पॅरामीटर त्याला उलटे फिरवता येत नाहीत, हे त्याच्या स्वतःच्या माहितीपत्रकातच लिहिलंय. साध्या व्हीलॅनला तो पुरेसा आहे.

---

तोरणमाळ, मंगळवार रात्री १०:१९

ताई, हे मला आधी माहीत असतं तर बहिणीच्या हातची कळण्याची भाकरी सुटली नसती.

---

भुसावळ_जंक्शन, मंगळवार रात्री १०:४४

कळण्याची भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी. झोपायच्या वेळी काय काढलंत. आता माझं ऐका.

एका सर्व्हरवर सगळं फाईलमध्ये व्यवस्थित लिहिलेलं होतं. त्यात एक जादा कार्ड बसवलं, बूट केला आणि जुन्या कार्डाचं नाव ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० झालं. सिस्टमडीने २०१३ साली, १९७ व्या आवृत्तीत, ही ठरीव नावं आणली. ती कार्ड पीसीआयच्या कोणत्या जागी बसलंय त्यावरून ठरतात. नवं कार्ड बसवलं की जागांचे क्रमांक सरकू शकतात. कार्डाचं नाव गेलं की त्याच्यावर उभे असलेले सगळे व्हीलॅन खाली येतात, कारण प्रत्येकाच्या "लिंक" मध्ये जुनं नाव. फाईल बरोबर, पण ती ज्या नावाची आहे ते नावच मशीनवर नाही.

तेव्हापासून मी नेटप्लॅनमध्ये कार्डाखाली "मॅच" लिहून त्याचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा क्रमांक) देतो आणि "सेट-नेम" ने माझं नाव ठेवतो. नाव पंधरा अक्षरांच्या आत ठेवा, कर्नल त्याहून मोठं नाव घेत नाही. "मुख्यकार्ड" सारखं मराठी नाव इंग्रजी अक्षरांत ठेवलंय, रात्री दोनलाही डोक्यात शिरतं.

---

अनेर (चोपडा), बुधवार सकाळी ७:२०

भाड्याचा सर्व्हर घेतलेल्यांसाठी: नेटप्लॅनच्या फोल्डरमध्ये ५०-क्लाउड-इनिट नावाची फाईल असते. तिच्यात काही लिहू नका. क्लाउड-इनिट (सर्व्हरची सुरुवातीची मांडणी करणारा प्रोग्राम) ती पुन्हा तयार करू शकतो आणि तुमचं लिहिलेलं जातं. तो मजकूर तिच्यात वरच लिहिलेला असतो, आपण वाचत नाही. मी वाचला नव्हता. क्लाउड-इनिटच्या मांडणीत "नेटवर्क: कॉन्फिग: डिसेबल्ड" लिहून त्याला या कामातून मोकळं करा आणि आपली फाईल वेगळी ठेवा.

---

वाघूरकाठ, बुधवार रात्री ९:३०

सर्वांचे मनापासून आभार. आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत केलं.

नेटवर्कसीटीएलमध्ये पांझरेताई म्हणाल्या तसंच: कार्ड कॉन्फिगर्ड, व्हीलॅन२० अनमॅनेज्ड. नेटप्लॅनची फाईल लिहिली, जनरेटला एकदा चूक आली (टॅब!), दुरुस्त केली. हाताने केलेला व्हीलॅन आधी काढला, मग ट्राय, मग एंटर. आता व्हीलॅन२० पुढे पण कॉन्फिगर्ड आलं. आप्पांमुळे धास्ती होती म्हणून लगेच रीबूट केला. दोन मिनिटांत सगळं परत आलं, नानांनी रिकाम्या ट्रॉलीचं वजन करून चिठ्ठी काढली. कॅमेरे पण आले.

भुसावळकर भाऊ, बॅटऱ्या सांगितल्या आहेत.

---

गिरणामाई, बुधवार रात्री ९:४१

अभिनंदन! आता भरिताची पार्टी. वांगी बामणोदची पाहिजेत.

---

आप्पा_अमळनेर, बुधवार रात्री १०:००

काम व्हई गयं. बरं वाटलं.

---

भुसावळ_जंक्शन, बुधवार रात्री १०:१२

भरीत कापसाच्या काड्यांवर भाजलेलं असेल तरच मी येणार. गॅसवरचं वांगं मी भरीत मानत नाही.

---

वाघूरकाठ, शनिवार सकाळी ९:१५

मंडळी, पार्टी पुढे ढकला. काल रात्री पुन्हा लाईट गेली. बॅटऱ्या अजून यायच्यात. आज सकाळी काटा पुन्हा बंद.

पण या वेळी वेगळंच आहे. व्हीलॅन२० जागेवर आहे. पत्ता १९२.१६८.२०.१ दिसतो. काट्याच्या संगणकावरून पिंग जातं. पोस्टग्रेस (आमचा डेटाबेस) चालू आहे, स्टेटस हिरवं. तरी काट्याचं सॉफ्टवेअर म्हणतं डेटाबेस मिळत नाही. ऑफिसमधल्या बिलिंगला मात्र मिळतो. पोस्टग्रेस एकदा रीस्टार्ट केला आणि लगेच चालू झालं. बुधवारी रीबूट केला तेव्हा का नाही झालं हे?

---

पांझरेची_लेक, शनिवार सकाळी १०:४०

दादा, दोन गोष्टी बघून सांगा. पोस्टग्रेसच्या "लिसन ॲड्रेसेस" मध्ये (तो कोणत्या पत्त्यांवर ऐकतो ती यादी) काय आहे? आणि त्याच्या लॉगमध्ये बूटच्या वेळी काही इशारा आहे का?

---

वाघूरकाठ, शनिवार सकाळी ११:०५

लिसन ॲड्रेसेसमध्ये तीन पत्ते: लोकलहोस्ट, १०.५ आणि २०.१. लॉगमध्ये बूटच्या वेळी २०.१ साठी लिसन सॉकेट करता आलं नाही अशी एक वॉर्निंग आहे. १०.५ साठी पण होती! पण ऑफिसचं बिलिंग चालत होतं... आता लक्षात आलं, बिलिंग सर्व्हरवरच चालतं, लोकलहोस्टने.

---

पांझरेची_लेक, शनिवार दुपारी १२:१०

सापडलं. तुमचा स्विच मॅनेज्ड आहे ना? त्याला चालू व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा.

बुधवारी तुम्ही फक्त सर्व्हर रीबूट केला. स्विच चालूच होता, तार जिवंत होती. लाईट जाते तेव्हा दोघं एकदम बंद होतात आणि एकदम चालू होतात. मॅनेज्ड स्विच सावकाश जागा होतो. तोवर सर्व्हरच्या कार्डाला समोरून जीव दिसत नाही, आणि नेटवर्कडी तारेत जीव आल्याशिवाय पत्ता घालत नाही, पत्ता फाईलमध्ये पक्का लिहिलेला असला तरी. तेवढ्यात पोस्टग्रेस उठतो, त्याला लोकलहोस्ट सापडतो, बाकीचे दोन पत्ते सापडत नाहीत. एक जरी पत्ता मिळाला तरी तो वॉर्निंग लिहून पुढे जातो, म्हणून स्टेटस हिरवं. नंतर पत्ते येतात, पण तो पुन्हा वळून बघत नाही. त्या बाजूने तो बहिराच राहतो. "एसएस -एलटीएन" (कोण कुठे ऐकतंय ते दाखवणारी आज्ञा) दिलं असतंत तर पोस्टग्रेसच्या ५४३२ पोर्टसमोर फक्त लोकलहोस्ट दिसला असता.

सगळ्यात सोपा उपाय: ईटीसीतल्या सिसकंट्रोल (कर्नलच्या सेटिंगच्या) फोल्डरमध्ये एक फाईल करून "नेट आयपीव्ही४ आयपी नॉनलोकल बाइंड" ची किंमत १ करा. मग पत्ता अजून आलेला नसला तरी पोस्टग्रेस त्यावर कान लावून बसू शकतो, आणि पत्ता आला की ऐकू लागतो.

---

गिरणामाई, शनिवार दुपारी १२:३५

त्यापेक्षा पोस्टग्रेसला नेटवर्क-ऑनलाइन टार्गेटनंतर (नेटवर्क आलं अशी सिस्टमडीची खूण) सुरू करा. पत्ता आल्यावरच उठेल. सगळ्या प्रोग्रामना नसलेल्या पत्त्यावर बसू देणं मला ढिसाळ वाटतं.

---

पांझरेची_लेक, शनिवार दुपारी १:००

विचार बरोबर, पण मग स्विच मेलाच असेल त्या दिवशी मशीन दोन मिनिटं नेटवर्कची वाट बघत राहील, वेळ संपली की तसंच पुढे जाईल, आणि पोस्टग्रेस पुन्हा बहिरा. मला तो उपाय अर्धा वाटतो.

---

आप्पा_अमळनेर, शनिवार दुपारी ३:३०

केळीबाग, परवा तू डमी कशासाठी विचारत होतास ना? हे बघ त्याचं काम.

वाघूरकाठ भाऊ, डमी० करून त्यावर १०.९९.०.१ हा पत्ता ठेवा आणि पोस्टग्रेसला त्यावर ऐकू द्या. डमीला तार नाही, त्यामुळे स्विच जागा असो वा झोपलेला, पत्ता बूटलाच येतो. काट्याच्या संगणकाचा गेटवे १९२.१६८.२०.१ ठेवा आणि सॉफ्टवेअरमध्ये डेटाबेसचा पत्ता १०.९९.०.१ लिहा. उद्या व्हीलॅनचे नंबर बदलले तरी डेटाबेसचा पत्ता बदलणार नाही.

---

पांझरेची_लेक, शनिवार दुपारी ४:१५

आप्पा, सुरेख. मी हे मोठ्या ठिकाणी केलंय, इथे सुचलं नाही. नॉनलोकल बाइंड पण राहू द्यावं. डमीचा पत्ता लवकर येतो, तरी पोस्टग्रेस त्याच्याही क्षणभर आधी उठू शकतो.

दादा, डमीसाठी दोन फाईली सिस्टमडीच्या नेटवर्क फोल्डरमध्ये (कारभारी नेटवर्कडीच आहे आणि डमी नेटप्लॅनमध्ये लिहिलेला नाही, म्हणून टक्कर नाही). पहिली १०-डमी०.नेटडेव्ह: "नेटडेव्ह" विभागात नेम डमी०, काइंड डमी. दुसरी १०-डमी०.नेटवर्क: "मॅच" मध्ये नेम डमी०, "नेटवर्क" विभागात ॲड्रेस १०.९९.०.१/३२. पहिली इंटरफेस जन्माला घालते, दुसरी त्याला पत्ता देते. दुसरी विसरलात तर इंटरफेस दिसेल, पण रिकामा.

परवानग्यांत फसू नका. नेटप्लॅनची फाईल ६०० (फक्त मालकाला वाचता येईल अशी) हवी, उघडी असेल तर नव्या आवृत्त्या कुरकुर करतात. या दोन फाईली मात्र ६४४ (सगळ्यांना वाचता येतील अशा) ठेवा. नेटवर्कडी रूट म्हणून चालत नाही, त्याचा वेगळा वापरकर्ता आहे. ६०० केल्यात तर त्याला त्या वाचता येत नाहीत.

---

भुसावळ_जंक्शन, शनिवार संध्याकाळी ६:०२

आणि मॅचमध्ये नेमपुढे तारांकन लिहू नका. मी एकदा सगळ्या कार्डांसाठी म्हणून लिहिलं. फाईली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि पहिली जुळली की बाकीच्या त्या इंटरफेसला लागत नाहीत. माझी ०५ ने सुरू होणारी होती. डमी, व्हीलॅन, सगळ्यांनी तीच उचलली.

---

अनेर, शनिवार रात्री ८:४४

तपासणी रीबूटने करू नका आता. स्विच आणि सर्व्हर दोघांची लाईट एकदम काढा. तुमच्याकडे बिघाड लाईटने होतो, तर परीक्षाही लाईटनेच घ्या. आधी पोस्टग्रेस नीट बंद करा आणि बॅकअप घ्या.

---

वाघूरकाठ, रविवार रात्री ८:२०

आज मिल बंद, मी आणि नाना दोघंच होतो. डमी० केला, सिसकंट्रोलची फाईल केली, काट्याच्या संगणकात पत्ता बदलला. बॅकअप पेन ड्राइव्हवर. पोस्टग्रेस बंद केला, मशीन बंद केलं, मग भिंतीवरचा मेन पाडला. नाना म्हणाले, "राहू द्या ना साहेब, चालू आहे ते." पाच मिनिटं थांबून मेन वर केला.

सर्व्हर ५० सेकंदांत लॉगिनला आला. स्विचचा दिवा स्थिर व्हायला २ मिनिटं १० सेकंद लागली, मोबाइलवर मोजलं. तोवर एसएस -एलटीएन मध्ये १०.९९.०.१ समोर ५४३२ उभा होता, स्विच अजून झोपेत असताना! स्विच उठल्यावर नाना काट्यावर स्वतः उभे राहिले. चिठ्ठी निघाली: ७० किलो. दोनदा केलं, दोन्ही वेळा निघाली.

सगळ्या फाईलींची नावं आणि त्यांत काय आहे ते एका कागदावर लिहून सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. मार्चमध्ये हंगाम सरला की बामणोदची वांगी मी आणतो, जागा आप्पांनी सांगावी.

---

केळीबाग, रविवार रात्री ८:३५

आमच्या लॅबचं आरसी लोकल मी उद्या सरांना दाखवतो. एक विचारू का? व्हीलॅनऐवजी मॅकव्हीलॅन (त्याच कार्डावर वेगळ्या मॅक पत्त्याचा इंटरफेस) केला तर होस्टवरून (मूळ मशीनवरून) त्याला पिंग जात नाही, ते का?

---

पांझरेची_लेक, रविवार रात्री ९:०२

मॅकव्हीलॅनचा स्वभावच तो: मूळ कार्ड आणि त्यावरचे मॅकव्हीलॅन एकमेकांशी थेट बोलत नाहीत, बाकी सगळ्या जाळ्याशी बोलतात. होस्टवर आणखी एक मॅकव्हीलॅन करून होस्टचा पत्ता त्यावर ठेवलास की बोलतील, दोन्ही ब्रिज मोडमध्ये हवेत. यावर वेगळा धागा काढ, मी येते तिथे.